आडीत आणलेली गाडी

मडत्तुकुळम मागे पडलं तेव्हा ऊन अजून डोक्यावर यायचं होतं, पण डांबर तापायला लागलं होतं. रस्त्याच्या कडेला कुणीतरी मांडव घालून पळनीच्या पदयात्रेकरूंना ताक वाटत होतं. मी पेला घेतला. नाचिमुत्तूने पिंपाकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"का रे, तहान नाही?"

"अक्का, त्या वाढप्याचा अंगठा बघितलात का? दर पेल्याला ताकात बुडतोय. आंघोळ याच्या अंगठ्याची आणि पुण्य याच्या शेठचं. छी!"

माझा पेला निम्म्यावर आला होता. उरलेलं ताक मी चिंचेच्या बुंध्याशी ओतलं. नाचिमुत्तूबरोबर चाललं की माणसाचं निम्मं खाणंपिणं असं जमिनीला जातं.

'छी' आणि 'थू' हे शब्द तमिळमध्येही तेच आहेत. ह्यांची पंपाच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून लग्नानंतर मी सांगलीहून कोइंबतूरला आले, तेव्हा बाजारात मला कळलेले पहिले शब्द हेच. नाचिमुत्तूच्या तोंडी ते इतरांपेक्षा जास्त. तो आमच्या कॉलनीचा बदली ड्रायव्हर. ज्यांच्या दारात गाडी आहे पण लांब न्यायचा धीर नाही, अशा घरांतून त्याला बोलावणं यायचं. एरवी तो नाक्यावरच्या बेकरीसमोरच्या बाकावर इतर ड्रायव्हरांबरोबर बसलेला असायचा.

पूर्वी तो लॉरीवर होता. ईरोडहून माल घेऊन आमच्या सांगलीच्या यार्डात येऊन गेलेला. माझं माहेर कळल्यावर म्हणाला होता, "तुमच्या गावच्या हळदीला वास चांगला अक्का. पण तुमच्या गावच्या लॉजातल्या उशीला जो वास होता ना, तो अजून नाकात आहे." लॉरी त्याने सोडली तीही वासापायीच. एकदा परतीच्या खेपेला मालकाने मीठ लावलेली कच्ची कातडी भरली. वाटेत गाडी बंद पडली आणि कातड्याचं पाणी फळ्यांतून ठिबकत असताना त्याला केबिनमध्ये झोपावं लागलं. घरी आल्यावर बायकोने वाढलेला भात त्याला किती दिवस गिळवेना. त्यानंतर त्याने लॉरीला हात लावला नाही.

तेव्हापासून तो असा. कुणाचीही गाडी असो, आधी आपल्या फडक्याने स्टिअरिंगचं चाक पुसणार, सीटवर आपला टॉवेल घालणार, मगच बसणार. कापडी पिशवीत स्वतःचा स्टीलचा पेला. बेकरीवाले त्याला 'नवरीबाई' म्हणायचे. पण कॉलनीत कुणाची सून अडली, कुणा म्हाताऱ्याला छातीत दुखलं, तर आधी हाक नवरीबाईलाच. तो गाडीत असला की पोटातलं पाणी हलत नाही.

दरवर्षी थैपूसमच्या सणाला आमच्या कॉलनीच्या पिल्लैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळातून पळनीला चालत जाणारा जथा निघतो. मीही जाते. पळनीचा मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामी, आणि आमच्याकडे बायका त्याचं दर्शन घेत नाहीत. पहिल्या वर्षी मी आईला विचारलं होतं, तर ती म्हणाली, "तिकडचा देव तिकडच्या रीतीने बघावा." तेवढं मला पुरलं. नाचिमुत्तू जथ्याच्या पुढे नाहीतर मागे, घामाच्या वासापासून लांब चालतो. माझा वेग कमी, म्हणून मागे राहायचा त्याचा दिवस असला की आमची सोबत होते.

यंदा तो तिन्ही दिवस मागेच होता. त्याच्या पिशवीत, पेल्याशेजारी, कापराची पुडी होती. पळनीला जाऊन, पेटत्या कापरावर तळहात मारून तो विझवायचा आणि सांगायचं, की मी मरुदाचलम सारच्या गाडीचं तेल चोरलेलं नाही. इकडे हीच शेवटची शपथ. यापुढे कोर्ट नाही.

मरुदाचलम आमचे शेजारी. आमच्या आणि त्यांच्या अंगणात एकच कुंपणाची भिंत आहे. सूतगिरणीत मॅनेजर होते, निवृत्त झाले, आणि पांढरी नवी कोरी गाडी घेतली. स्वतः चालवतात ती देवळापर्यंत आणि परत, फार तर सर्व्हिस सेंटरपर्यंत. पुढे कुठे जायचं तर नाचिमुत्तू. त्या घरी त्याला कॉफी मिळायची ती कागदी पेल्यात, भिंतीवर ठेवलेली. घरातल्यांची स्टीलमध्ये. तो कॉफी आपल्या पेल्यात ओतून घ्यायचा आणि कागदी पेला चुरगाळून पुन्हा त्याच भिंतीवर ठेवायचा. मी माझ्या बाजूने हे पाहायचे आणि मला कॉफीचीच शिसारी यायची.

गाडीचं इंजिन ऑइल कमी होतंय हे पहिल्यांदा सांगितलं नाचिमुत्तूनेच. लांबच्या फेरीआधी बोनेट उघडून तेल मोजायची पट्टी बघायची त्याची सवय. पट्टीवर तेल खालच्या खुणेच्याही खाली. मरुदाचलम गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले. तिथला टाय लावलेला माणूस हसून म्हणाला, "नव्या गाड्या थोडं पितातच सार." तेल भरलं, वर एक डबा डिकीत ठेवायला दिला. दिवाळीनंतर पुन्हा पट्टी कोरडी. नाचिमुत्तूने तो डबा ओतला. मार्गळी महिना लागला, पुन्हा तेच. दुसरा डबा, तोही त्यानेच ओतला. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गाडी वर उचलून खालून पाहिली. एक थेंब नाही. तेल काढायच्या खालच्या बोल्टला रंगाचा ठिपका देऊन पाहिला. बोल्ट हललेला नाही. मरुदाचलम गाडीखाली रोज वर्तमानपत्र पसरायला लागले आणि सकाळी ते उचलून, चष्मा लावून, ठसा शोधायला लागले. पेपर जसाच्या तसा. मागे चालणाऱ्यालाही धूर म्हणून दिसत नव्हता.

सर्व्हिस सेंटरवाल्याने हात झटकले. "आमच्याकडून गाडीत दोष नाही सार. बाकी तुम्ही बघा." हे 'बाकी' म्हणजे काय ते त्याने सांगितलं नाही. अशी माणसं कधी सांगतही नाहीत. घाण टाकतात आणि पाय पुसून पुढे जातात.

मरुदाचलमनी वेताच्या खुर्चीत बसून हिशेब केला. खाली गळत नाही, वर धूर नाही, बोल्ट हलला नाही. म्हणजे डबे इंजिनात गेलेच नाहीत.

ते वेष्टी खोचून तडक बेकरीपाशी गेले. मी पाव आणायला तिथेच उभी होते.

"एय! माझ्या गाडीचं तेल कुणाच्या गाडीत ओतलंस?"

नाचिमुत्तूच्या हातात पेला होता. तो उठून उभा राहिला. "तुमच्याच गाडीत ओतलंय सार."

"ओतलं असतंस तर दिसलं असतं."

"मग मी काय प्यायलो?"

बाकावरचा एकजण हसला. "बघा सार, नवरीबाईच्या तोंडावर तुकतुकी आलीय म्हणा."

सगळे हसले. बेकरीचा रंगनही हसला, पैसे घेता घेता. मरुदाचलम हसले नाहीत. "खरं बोलत असशील तर पळनीला जा, कापरावर हात मार आणि ये. तोवर माझ्या गेटला हात लावायचा नाही." आणि जाता जाता रस्त्यावर थुंकले. थुंकी नाचिमुत्तूच्या चपलेपासून वीतभर अंतरावर पडली. तो चपलेकडे बघत राहिला. मग त्याने ती चप्पल काढली, दुसरीही काढली, आणि दोन्ही तिथेच ठेवून अनवाणी घरी गेला.

मी पाव घेतला आणि आले. तेल कुठे गेलं ते मलाही माहीत नव्हतं.

नाक्यावर एकदा बोललं गेलं की ते कॉलनीभर होतं. मग त्याला बोलावणी येईनाशी झाली. लोक उघड काही म्हणत नसत. "या खेपेला भाच्यालाच नेतोय गाडीवर," एवढंच. ज्यांच्या सुनांना त्याने दवाखान्यात पोचवलं, तीच घरं. मला त्या कॉलनीत राहायचीच शरम वाटायला लागली होती.

आता रस्त्यावर त्याला मी विचारलं, "शपथ घेऊन काय होणार?"

"सार गेट उघडतील."

"आणि बाकीचे?"

 त्याने अनवाणी पायाला फडकं गुंडाळलं होतं, तेही दर मुक्कामाला धुवून. तो म्हणाला, "अक्का, शपथ घेतलेल्या माणसाला लोक काय म्हणतात माहीत आहे? 'त्याने शपथ घेतली' म्हणतात. 'त्याने चोरलं नव्हतं' असं कुणी म्हणत नाही. वीस वर्षांनीही कुणी विचारलं, कोण हा नाचिमुत्तू, तर म्हणतील, तोच, तेलासाठी कापूर मारलेला."

"मग घेऊ नकोस."

"नाही घेतली तर म्हणतील, बघा, देवासमोर हात थरथरला."

 इंजिनाच्या तेलासाठी मुरुगनला साक्षीला उभं करायचं, याचीच मला किळस वाटत होती. त्याच्यासमोर माणसं आपली आजारपणं घेऊन येतात, लेकरं घेऊन येतात. त्याच्यासमोर हा एक डबा नेऊन ठेवायचा! आणि ठेवायला लावणारा स्वतः कोइंबतूरला पंख्याखाली बसलेला.

पुढच्या वळणावर फुलवाली बसली होती. मी हातभर जाईचा गजरा घेतला. नाचिमुत्तू म्हणाला, "घरी भिंतभर वेल असताना विकतचा?"

"वेलाचं काही सांगू नकोस. यंदा देवाला एक फूल नाही वाहिलं त्याचं. भिंतीकडची पानं सगळी काळी झालीत, चिकट. मला वाटलं मावा पडला. निंबोळीचं पाणी मारलं, राखेचं मारलं, काही जात नाही. हाताला लागलं की साबणाने निघत नाही. आणि वास! जळक्या कढईचा."

"माव्याला जळका वास येतो?"

"नाही येत खरा. पण पहाटे सगळ्या अंगणालाच तो वास असतो. तुझ्या सारची गाडी चालू असते ना तेव्हा."

तो थांबला. मागून येणारा एक कावडीवाला त्याला चुकवून पुढे गेला.

"पहाटे गाडी चालू असते? कुठे जातात सार पहाटे?"

"कुठे जाणार? गेट बंदच असतं. तिथेच उभी करून चालू ठेवतात आणि आत बसतात. तुला माहीत नाही?"

"मी बोलावल्यावर जातो अक्का. मला कसं माहीत असणार? कधीपासून हे?"

"आडीपासून. गाडी आली तेव्हापासून."

आडी म्हणजे इकडचा पितृपक्षच म्हणा. त्या महिन्यात लग्न नाही, गृहप्रवेश नाही, नवी गाडी तर नाहीच. म्हणून शोरूमवाले त्याच महिन्यात किंमत उतरवतात. मरुदाचलमना उतरलेली किंमतही हवी होती आणि मुहूर्तही हवा होता. त्यांनी गाडी आडीत आणली, ताडपत्री घालून पोर्चमध्ये ठेवली, आणि ठरवलं की पुढच्या, आवणी महिन्याचा पहिला चांगला दिवस येईपर्यंत चाकाने उंबरा ओलांडायचा नाही. म्हणजे देवाच्या हिशेबात गाडी आवणीतच घेतली. उभ्या गाडीची बॅटरी मरते असं कुणीतरी सांगितलं, म्हणून रोज पहाटे ताडपत्री वर करून इंजिन चालू करायचे. आवणी आला, चाकांखाली लिंबं चिरडली, गाडी बाहेर निघाली. पण पहाटेची सवय काही गेली नाही. घरात बायकोचा, शिवकामीचा, टीव्ही, बाहेर डास. गाडीत गारवा. ते काचा बंद करून आत पेपर वाचायचे. कधी कधी शिवकामी इडलीची ताटलीही खिडकीतून आत द्यायची. आणि गाडीचा सायलेन्सर नेमका माझ्या भिंतीकडे, माझ्या वेलाकडे तोंड करून.

हे सगळं मी रोज बघत होते. रोज नाकाला पदर लावून पूजा करत होते. पण त्याचा आणि चोरीच्या आळाचा संबंध मला लागला नव्हता.

"किती वेळ असते चालू?"

"माझी पूजा होते, ह्यांचा चहा होतो, मी पाणी भरून घेते, तरी आपली घुर्र घुर्र चालूच."

नाचिमुत्तू किलोमीटरच्या दगडावर बसला. दगड न पुसता बसला, यावरून मला काय ते कळलं. "लॉरीला नवं इंजिन बसवलं की आमचा मालक ओरडायचा," तो म्हणाला. "'पहिल्याच खेपेला माल भरून घाटात घाल. उभ्याने घुरघुरत ठेवलीस तर पाय मोडीन.' का, ते कधी कळलं नाही. मला वाटायचं, त्याला भाडं हवंय." मग हाताचा पंजा उघडून त्याच्याकडे बघत म्हणाला, "अक्का, ते तेल तुमच्या वेलावर आहे."

आम्ही पळनीचा डोंगर चढलो. वर गर्दीत मी त्याच्या मागेच होते. कापराच्या मोठ्या ताटात जाळ उठला होता, लोक हात फिरवून डोळ्यांना लावत होते. त्याने पिशवीतली पुडी काढली, सोडली, आणि सगळा कापूर त्या सगळ्यांच्या जाळात टाकला. मग दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहिला. जाळ विझेपर्यंत तसाच. मीही हात जोडले. देवापुढे त्या डब्याचा विषय कुणीच काढला नाही, याचं मला फार बरं वाटलं.

परत आल्यावर दुसऱ्या रात्री मी ह्यांच्या जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा ओला करून भिंतीवर टांगला, बरोबर सायलेन्सरसमोर. पहाटे गाडी सुरू झाली, पेपर वाचून झाला, बंद झाली. तुकडा काढून बघितला तर त्यावर तपकिरी-काळे ठिपके, मधोमध एक करडा डाग. बोट फिरवलं, तेलकट. वास तोच. शेजारी वेलाची एक डहाळी तोडून घेतली आणि दोन्ही घेऊन मी त्यांच्या पोर्चमध्ये गेले. पाय टाकायलाही नको वाटत होतं, पण गेले.

"सार, तुमचं तेल सापडलं."

मरुदाचलम खुर्चीतून अर्धे उठले. "कुठे? कुणाकडे?"

"माझ्या वेलावर. हे घ्या. मोजून घ्या."

त्यांनी डहाळी दोन बोटांत धरली. "अम्मा, ही कीड आहे. वेलाला औषध मारा."

"आणि या फडक्याला कुठली कीड लागली? काल दुपारी धुतलंय."

शिवकामी आतून आली. तिने फडकं नाकाला लावलं आणि नवऱ्याकडे बघितलं. "पडद्यांना हाच वास येतो, मी आवणीपासून सांगतेय. तुम्ही म्हणालात माझ्या फोडणीचा आहे."

"तू आत जा."

"मी आत जाते. वास कुठे जाणार आहे?"

सर्व्हिस सेंटरला मी बरोबर गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण फडकं माझं होतं. टायवाल्याने ते दुरूनच पाहिलं. मग विचारलं, "सार, गाडी उभ्याने चालू ठेवता का कधी?"

"रोज. बॅटरीसाठी."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत? किलोमीटर किती झाले, एवढंच विचारलंत."

"उभ्या गाडीचे किलोमीटर होत नाहीत सार."

दोघंही बरोबर होते आणि दोघांकडेही बघवत नव्हतं. आपण ज्याचं नाव बुडवलं तो माणूस इथे नाही, याची दोघांनाही आठवण नव्हती.

त्यांनी इंजिनाचे प्लग काढले आणि भोकातून एक बारीक कॅमेरा आत सोडला. पडद्यावर आतली भिंत दिसली. आरशासारखी चकाकत होती. मला वाटलं, बरं आहे की, स्वच्छ आहे. कॅमेरा धरणारा म्हणाला की ती चकाकायला नको होती. त्याने सांगितलं त्यातलं मला कळलं ते असं. नवा पाटा टाकी लावून खरखरीत केलेला असतो म्हणून तो वाटतो. त्यावर काही न घालता नुसताच हलक्या हाताने वरवंटा फिरवत बसलं तर पाटा गुळगुळीत होतो, मग काही वाटलं जात नाही. इंजिनातही तशा बारीक रेघा असतात. गाडी नवी असताना तिला ओझं ओढायला लावलं की आतल्या रिंगा त्या भिंतीवर नीट बसतात आणि तेल खालचं खाली राहतं. ओझं न देता नुसतं घुरघुरत ठेवलं तर भिंत गुळगुळीत होते, रिंगा बसत नाहीत, आणि तेल चोरपावलाने वर येऊन जळतं. एका वेळी इतकं थोडं की धूर डोळ्यांना दिसत नाही. रोज, महिनोन्महिने. बोल्टचा ठिपका पुसला जात नाही आणि पेपरवर थेंब पडत नाही.

"म्हणजे इंजिन गेलं?" मरुदाचलमचा आवाज बारीक झाला होता.

"अजून सांगता येणार नाही सार. तेल बदलून देतो. माणसं, सामान भरून वालपारैच्या घाटात दोनचारदा चढवा-उतरवा. जोर लागला पाहिजे, पण गाडी ताणायचीही नाही, असा हाताचा माणूस हवा. बसल्या रिंगा तर बसल्या. नाहीतर इंजिन उघडावं लागेल." आणि दाराशी जाताना म्हणाला, "आणि पेपर घरात वाचा सार."

परतताना मरुदाचलमनी एकदाही हॉर्न वाजवला नाही. मला वाटलं, लाजले. मनात म्हटलं, देवा, निदान एवढं तरी झालं. गेटपाशी उतरल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "अम्मा, त्या नाचिमुत्तूला सांगा, उद्यापासून ये म्हणावं. घाटात त्याच्याइतका सांभाळून कोणी नेत नाही. शपथेचं राहू दे."

राहू दे!

चोराला माफी द्यावी तसं म्हणाले ते. आणि वर म्हणाले, "कॉफीला आमच्या घरी बोलवा त्याला. झालं गेलं तिथेच मिटवू." भिंतीवर सकाळी दुसऱ्या कुणालातरी दिलेला कागदी पेला पडलेला होता, तळाशी मुंग्या.  मी घरात जाऊन हात धुतले, फडक्याचं तेल आणि त्या माणसाचं बोलणं, दोन्ही धुवायला. मग देवासमोर बसले, पण मन लागेना. तशीच उठले आणि बेकरीकडे गेले.

नाचिमुत्तू बाकावर नव्हता. समोरच्या बाजूला, बंद दुकानाच्या पायरीवर एकटा बसला होता. त्या दिवसापासून तो तिथेच बसायचा. पायात अजून काही नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं: फडकं, कॅमेरा, पाटा, घाट. तो ऐकत होता आणि आपला पेला पुसत होता. पाट्याचं ऐकून हसला. "माझा मालक खरा होता म्हणायचा. मी त्याला उगाच शिव्या घातल्या." मग मी सारचा निरोप सांगितला. 'राहू दे' हे शब्द सांगताना मी घुटमळले, पण सांगितले.

त्याचा हात पेल्यावर थांबला.

"राहू दे म्हणाले?"

"हो."

"आणि कॉफी?"

"घरी."

त्याने रस्त्यापलीकडे बघितलं. बाकावर सगळे बसले होते, रंगन गल्ल्यावर होता. तुकतुकी म्हणणाराही होता.

"गाडी मी घाटात नेईन अक्का," तो म्हणाला. "गाडीने काय केलंय? तिला बिचारीला पेपरचा कंटाळा आला असेल." पेला त्याने पिशवीत ठेवला आणि पिशवीची नाडी ओढली. "पण एक काम कराल माझं? सारना इथे आणा. त्या बाकासमोर. उभं राहून बोलले होते तिथेच उभं राहून बोलू द्या. घरातली कॉफी नको मला, कागदी नको आणि स्टीलमधलीही नको. तुम्ही बरोबर या आणि माझ्या बाजूला उभ्या राहा. मोठी माणसं अशा वेळी निम्मं वाक्य गिळतात. त्यांनी गिळलं की तुम्ही फक्त मोठ्याने म्हणा, 'सार, ऐकू नाही आलं.'"